टॅलेंट शोच्या मालकाकडे पैसा येते कुठून अन् टिकते कसा?

धानबांधी (लाखांदूर)
झाडीपट्टीतल्या नाटकाचं गणित सगळ्याले माहीत आहे. मंडळ नाटक कंपन्यांच्या गावाले, वडशाले जाऊन नाटक ठरवते, कंपनी ठरलेली रक्कम घेते, तिकिटं खपली नाही तर मंडळ बुडते. टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेत तर तिकीटच नाही. मग असे शो काढणारे सायमन फुलर, सायमन कॉवेल, जॉन डी मोल एवढे गबर झाले कसे? जजच्या खुर्चीचा पगार एवढा असते का? अन् तालुक्यात स्पर्धा घेणाऱ्या मंडळानं यातून काय घ्यावं?

वडसावाला
खुर्ची सुटली की पगार बंद. खरा पैसा फॉरमॅटचा, म्हणजे शोच्या ठरलेल्या साच्याचा. फुलरचा ‘पॉप आयडॉल’ 2001 साली ब्रिटनमध्ये आला, 2002 मध्ये अमेरिकेत, 2004 मध्ये सोनीवर ‘इंडियन आयडॉल’. इथला सेट, दिवे, वादक, जज, सगळा खर्च इथल्यांचा. फॉरमॅटवाल्याला भागामागे फी. समजा भागाचा खर्च 40 लाख आणि फी 5 टक्के धरली, तर 30 भागांचे 60 लाख, मालकानं एक बल्ब न लावता. शो पडला तर मार चॅनेलला. म्हणजे तुमचं नाटकच झालं, भाऊ.

दुसरी कमाई गायकाची. रेकॉर्ड आणि मॅनेजमेंटच्या करारावर सही निकालाआधीच घेतात, कारण जिंकल्यावर गायकाचा भाव वाढतो. विजेत्याला मिळालेला ॲडव्हान्स त्याच्याच रॉयल्टीतून वळता होतो. पेपरात आकडा मोठा छापून येतो, हातात बराच काळ काही पडत नाही.

कापूसकोंड्या
एक भर. नुसत्या कल्पनेवर मालकी लागत नाही. ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या टॅलेंट शोचे ह्यूई ग्रीन शोची नक्कल केली म्हणून न्यूझीलंडच्या सरकारी वाहिनीवर कोर्टात गेले आणि 1989 मध्ये प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे लंडनच्या वरच्या कोर्टात, हरले. म्हणून विकतात ते नाव, लोगो, धून आणि ‘बायबल’. बायबल म्हणजे कॅमेरा कुठे, ऑडिशन कशी गाळायची, मागच्या देशात काय फसलं, याचं जाड बाड. कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं आहे हे. हंगाम आला की पुन्हा पिशवी घ्या.

2004 मध्ये कॉवेलचा ‘एक्स फॅक्टर’ आला तेव्हा आपल्या शोची नक्कल म्हणून फुलरनं दावा ठोकला. पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर मिटलं आणि फुलरला त्याच शोमध्ये हिस्सा मिळाला. रोख घेऊन घरी गेला नाही, हे बघण्यासारखं.

टिकवण्यात डी मोल उस्ताद. 2000 साली एंडेमॉल ही शो बनवणारी कंपनी विकली, 2010 मध्ये ‘द व्हॉइस’ काढला, 2015 मध्ये तो शो काढणारी टाल्पा कंपनीही ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीला दिली: 50 कोटी युरो आधी, बाकी पुढच्या नफ्यावर, मिळून जास्तीत जास्त 110 कोटी. कॉवेलनं उलटं केलं. 2020 मध्ये दोघांच्या भागीदारीतल्या टीव्ही फॉरमॅटमधला सोनीचा वाटा विकत घेतला, गाण्यांचा साठा मात्र सोनीकडे राहिला.

वडसावाला
आता मंडळाचं. स्पर्धेचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग 41 (मनोरंजन) मध्ये नोंदवा, 10 वर्षं चालतं, मग नूतनीकरण. सिनेमाची गाणी गाऊन व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की गाण्याच्या कंपनीचा दावा लागतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो. पैसा हवा असेल तर गाणी नवी लिहून घ्या. गाणं लिहिणाऱ्याशी कराराचा कागद करताना मुदत आणि प्रदेश लिहाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत नसली तर 5 वर्षं, प्रदेश नसला तर फक्त भारत धरतात. स्पर्धक 18 च्या आतला असेल तर त्याची सही कवडीमोल, पालकाची घ्या.

धानबांधी
नाव कोणाच्या नावावर नोंदवाव जी? आमचे अध्यक्ष म्हणतात, माझ्याच नावावर करा, स्वस्त पडते.

कापूसकोंड्या
स्वस्त पडतं हे खरं. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला 4,500, नोंदणीकृत मंडळाला 9,000. तरी मंडळाच्याच नावावर घ्या बाप्पा. उद्या भांडण झालं तर स्पर्धा अध्यक्षाच्या घरी जाईल आणि तुम्ही पुढच्या वर्षी नवं नाव शोधत बसाल.