दुसऱ्याने सोडलेली ट्रॉली: तुमच्या वाट्याला काय आलं?

गेल्या आठवड्यात उरणच्या एका यार्डातून चाळीस फुटी ट्रॉली घोड्याला (ट्रॉली ओढणाऱ्या पुढच्या गाडीला) जोडली. आधीचा ड्रायव्हर रात्रीच गावाला निघून गेलेला. इंजिन चालू ठेवून ब्रेकची हवा भरत बसलो, तर काटा सहाच्या वर सरकेना. टॉर्च घेऊन खाली शिरलो. मागच्या एक्सलच्या डाव्या बूस्टरचा (हवेने ब्रेक दाबणाऱ्या डब्याचा) पाईप दुमडलेला, त्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि वरून बाइंडिंग वायरने आवळलेला. म्हणजे बूस्टर फाटला, हवा गळायला लागली, आणि पठ्ठ्याने त्या चाकाचा ब्रेकच बंद करून टाकला. तार सैल पडली म्हणून मला फुसफुस ऐकू आली. नीट आवळलेली असती तर काटा आठवर गेला असता, मी खुशाल चाकणला पोचलो असतो आणि येताना माल भरून बोर घाट उतरलो असतो.

पाईप बांधला याचा राग नाही. रस्त्यात अडकल्यावर गॅरेज गाठायला असलं काहीतरी आपण सगळेच करतो. न सांगता गेला, याचा राग आहे. सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती आणि शेठने त्याच्याच हिशोबातून पैसे कापले असते, हेही कळतं. बूस्टर बदलण्यात सकाळ गेली. माझा कंटेनर दुसऱ्याला मिळाला.

लिहा तुमचंही खाली, टोपणनावाने. कंपनीचं, माणसाचं, गाडीचं नाव नको.

घाटउतार

तुमचा पाईप दिसला तरी. माझ्या वेळी दिसण्यासारखं काही नव्हतं. तळेगावहून न्हावा शेवाला एक्सपोर्टचा माल, फॉर्म १३ (बंदरात शिरायचा कागद) हातात, कटऑफ (माल आत घ्यायची शेवटची वेळ) सकाळी सहाचा. ट्रॉली आदल्या दिवशीच दुसऱ्याकडून माझ्याकडे आलेली. हवा पूर्ण, गळती नाही. लोणावळा सोडलं, गिअर खालचा ठेवला, न्यूट्रलची सवय मला नाही. तरी खंडाळ्याच्या पुढे ब्रेकचे लायनर जळल्याचा वास यायला लागला, आणि तोही पुढून, घोड्याच्या चाकांमधून. मागून ट्रॉली नुसती ढकलत होती. जागा मिळाली तिथे बाजूला घेतली, चाकांना दगड लावले. किन्नरला (क्लीनरला) ब्रेक दाबायला सांगून खालून बघतो तर ट्रॉलीच्या बूस्टरचे दांडे पार शेवटपर्यंत बाहेर येतायत आणि लायनर ड्रमला टेकतसुद्धा नाहीयेत. आधीच्याने सगळे स्लॅक (ब्रेक कमी-जास्त आवळायचे आर्म) उलटे फिरवून ढिले करून ठेवलेले. का, तर ट्रॉली ओढत नाही, गाडी हलकी पळते, डिझेलचं अव्हरेज चांगलं येतं. त्याचं अव्हरेज आणि माझा जीव.

पाना होता म्हणून तिथेच सहाही चाकांचे ब्रेक चढवले. हात भाजले. ड्रम थंड व्हायला दीड तास गेला. कटऑफ हुकला तो हुकलाच.

बारा टायर

माझं छोटं आहे. ट्रॉलीच्या बारा टायरपैकी आतल्या बाजूचे दोन रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) निघाले. मी घेतली तेव्हा बाहेरचे टायर बघितले, आतले कोण वाकून बघतो? स्टेपनीच्या जागी नुसती डिस्क, टायरच नाही.

फडातला

आमचा ट्रक न्हवं, ट्रॅक्टर. पण दुखणं तेच. मालकाचे ट्रॅक्टर तीन, ट्रॉल्या सहा. कारखान्यावर खाली झालेल्या ट्रॉल्या जो आधी येईल तो जोडतो आणि उसाच्या फडाकडं सुटतो. मला मिळालेल्या जोडीत मधल्या हुकाला पिनीच्या जागी बांधकामाची सळई. वाकवून घातलेली, खालून वळवलेली, वर चिखल. अंधारात हात लावला तर पिनच वाटली.

रिकाम्याला काय झालं नाही. भरून येताना वड्याच्या चढाला मागची ट्रॉली डोलायला लागली, मग एकदम ट्रॅक्टर हलका झाला. मी मागं बघतोय तर माझी ट्रॉली उलटी उताराला चाललीय, आणि मागनं कारखान्याची दुसरी वाहनं येणार. देवाची कृपा, ती रस्ता सोडून शेतात घुसली आणि बांधाला कलंडली. मुकादमानं टोळी आणून मोळ्या परत भरल्या, त्याचे पैसे माझ्याकडनं. सळई घालणाऱ्याला मी ओळखतो. आमच्याच गल्लीतला हाय. विचारल्यावर म्हणाला, "आरं, मी त्याच्यावर चार खेपा केल्या." चार खेपा टिकली म्हणजे ती पिन झाली!

बर्फातला सिन्नरकर

मी सात वर्षं ओंटारिओत चालवतोय. इकडे धंदाच ड्रॉप-हुकचा. एकाने यार्डात ट्रॉली सोडायची, दुसऱ्याने उचलायची, दोघांची गाठ कधी पडत नाही. कायदा चोख आहे. रोज गाडी आणि ट्रॉली तपासून अहवाल लिहायचा, तो २४ तास चालतो. किरकोळ दोष असेल तर नोंदवून जाता येतं, मोठा असेल तर जागचं हलायचं नाही. पण मला पगार मैलावर. दोष सापडला की मेकॅनिक येईपर्यंत मी फुकट बसणार, आणि ज्याने तो लपवला तो पुढच्या मैलांचे पैसे कमावत असणार. आकाशपाताळाचा फरक आहे असं इथे बसून वाटत नाही मला.

थंडीत तर कहर. उणे वीसमध्ये ओले ब्रेक लावून कोणी ट्रॉली सोडली की लायनर ड्रमला गोठून बसतात. चाकं फिरत नाहीत, बर्फावर घसरत येतात. मग हातोडा घेऊन एकेक ड्रम ठोकायचा.

पण ज्या ट्रॉलीने मला घाबरवलं ती तशी नव्हती. इकडे चाकांच्या नटांवर पिवळे प्लास्टिकचे बाण लावतात. नट सैल झाला की बाण फिरलेला दिसतो. त्या ट्रॉलीच्या उजव्या मागच्या चाकावर बाण सगळे एका ओळीत, नवेकोरे. मला बरं वाटायला हवं होतं. पण तीन नटांच्या खालून गंजाचे लाल ओघळ रिमवर उतरलेले होते. असे ओघळ म्हणजे नट हलत असल्याची खूण. कोणीतरी नट न आवळता नुसते बाण सरळ करून ठेवले होते. ओंटारिओत १९९७ पासून चाक निखळलं तर 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव कंपनीला चालत नाही, दंड २,००० ते ५०,००० डॉलर. ट्रॉली सोडणाऱ्याला हे माहीत नसेल? अहवालात त्याने 'दोष नाही' लिहिलं होतं, सुंदर अक्षरात.

मालकाची बाजू

चार ट्रॉल्यांचा मालक आहे, शिव्या खायला तयार आहे. नुकसान कापतो हे खरं. पूर्वी सगळंच कापायचो, मग लक्षात आलं की कापल्यामुळेच लपवतात. आता ट्रॉली सोडताना व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा नियम केलाय. पहिला महिना छान गेला. नंतर एकाने पावसाळ्यात कोरड्या खडखडीत यार्डातला फोटो टाकला, तेव्हा कळलं की मार्चचाच फोटो फिरतोय.

आणि आम्ही मालकही काही कमी नाही. आठ वर्षांपुढच्या गाडीला दर वर्षी फिटनेसचा दाखला लागतो. त्या दिवशी दुसऱ्या गाडीचे चांगले टायर लावून पासिंग करून आणणारे आहेत. मी कधी केलं नाही असं म्हणणार नाही. वरून असं असताना ड्रायव्हरने खालून खरं सांगावं म्हणायचं.

उदगीरची बस

सगळ्यांनी मिळालेल्या ट्रॉलीबद्दल लिहिलंय. मी सोडलेल्या ट्रॉलीबद्दल लिहितो.

मागचा डावा ट्विस्ट लॉक तुटला होता. कंटेनर चार कोपऱ्यांवर धरलेला असतो, त्यातला एक कोपरा मोकळा. मी लाकडाची पाचर ठोकून दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी घरून फोन आला, वडील दवाखान्यात. रात्री दहाची उदगीरची बस. सुपरवायझरला सांगितलं असतं तर त्याने वर्कशॉपची चिठ्ठी भरायला बसवलं असतं. चावी ठेवली आणि पळालो.

पहाटे तीनला बसमध्ये फोन वाजला. नवा ड्रायव्हर, खोपट्याजवळ थांबलेला. मला वाटलं आई-बहीण काढणार. त्याने फक्त विचारलं, "भाऊ, पाचर निसटली. बाकीचे तीन धरतायत का?"

म्हटलं, "पुढचे दोन चांगले आहेत."

"आणि मागचा उजवा?"

तो मी बघितलाच नव्हता.