१९४८ च्या जळिताची कागदपत्रं कुठे शोधावीत?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गेल्या रविवारी घरी गांधीहत्येवरचा सिनेमा लावला होता. गोळ्यांचा प्रसंग आला आणि आजी एकदम म्हणाली, "इथून पुढे आमचं घर जळालं." तेव्हा ती नऊ वर्षांची होती, माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. त्या घरातलं एक तांब्याचं तपेलं तेवढं राहिलंय. एका बाजूचा काळा डाग चिंच घासून घासूनही निघालेला नाही. दिल्लीतल्या तीन गोळ्यांनी इथल्या एका मुलीची शाळा सुटली, हे मला या वयात कळलं.

गांधीहत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या त्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गेला, हे सगळे सांगतात. साध्या घरांचं कुणी लिहून ठेवलंय का, ते शोधतोय. मिळकत पत्रिका काढली, तिच्यात फक्त नंतरची विक्री दिसते. एका ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली, पण नेमके फेब्रुवारी १९४८ चे अंक नाहीत. आजीला खोदून विचारायचं नाही, दोन वाक्यांनंतर तिला धाप लागते. दोष कुणाचा, हा वादही इथे नको.

अडचण अशी की कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे घटना दरबारच्या काळातली. मग घरांचे पंचनामे, नुकसानीचे अर्ज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात असतील की मुंबईला गेले असतील? आणि मागताना कुठल्या दप्तराचं नाव सांगायचं?