अंडरहिल फक्त ‘मिस्टिसिझम’पुरती नाही

इंग्रज लेखिका एव्हलिन अंडरहिल म्हणजे १९११ सालचं ‘मिस्टिसिझम’ हे गूढवादावरचं (ईश्वराच्या थेट अनुभवावरचं) पुस्तक, बाकी विशेष काही नाही, असं एक मत आहे. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते खरी अंडरहिल त्यानंतरच दिसते. १९२१ मध्ये तिनं कॅथलिक धर्मचिंतक बॅरन फॉन ह्यूगेल यांचं आध्यात्मिक मार्गदर्शन घ्यायला सुरुवात केली. एवढ्या विदुषीला त्यांनी सांगितलं काय, तर आठवड्यातून दोन दुपारी गरिबांच्या घरी जात जा! आणि ती गेली. पुढे एसेक्समधल्या प्लेशीला तिनं साधना-शिबिरं घेतली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बायकांना पाद्री होता येत नव्हतं, त्या काळात पाद्री तिचं ऐकायला बसत. दुसऱ्या महायुद्धातही तिनं शांततावाद सोडला नाही. शिवाय टागोरांनी इंग्रजीत आणलेल्या कबीराच्या शंभर पदांमागेही तिचा हात आहे, प्रस्तावना तिचीच.