डाय, ठसा की साचा? जुन्या अमेरिकी सेंटसाठी नेमका शब्द कोणता?

विचारणा
जुन्या अमेरिकी सेंटवर मराठीत लेख लिहितो आहे. एकाच सालच्या, एकाच टांकसाळीच्या नाण्यांत अक्षरांच्या आणि आकड्यांच्या ठेवणीत बारीक फरक असतात. संग्राहक त्यांना डाय व्हरायटी म्हणतात (डाय म्हणजे नाण्यावर चित्र आणि अक्षरं उमटवणारं पोलादी हत्यार). मी 'साचाभेद' असा शब्द योजला आहे, कसा वाटतो? आणि १९५५च्या, अक्षरं दोनदा दिसणाऱ्या प्रसिद्ध सेंटला 'दुहेरी छापाचं नाणं' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १
'साचा' नको. साच्यात वितळलेला धातू ओततात. सेंटची कोरी चकती मात्र दोन डायांमध्ये ठेवून दाबतात, तिथे ओतकाम नाही.

'ठसाभेद' कानाला गोड लागतो, पण 'ठसा' दोन्हीकडे चालतो. रबरी ठसा म्हणजे हत्यार, अंगठ्याचा ठसा म्हणजे उमटलेली खूण. या विषयात सगळी मेख त्याच फरकात आहे. म्हणून हत्याराला डाय म्हणा आणि नाण्यावर उमटते ती छाप. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत 'डाय' रोज बोलला जातो, तो परका वाटायचं कारण नाही. माझं मत 'डायभेद'ला.

१९५५च्या सेंटला 'दुहेरी छाप' म्हणणं तर चूकच ठरेल. तेव्हा डाय बनवताना उठावाचं हत्यार, म्हणजे हब, पोलादावर एकाहून जास्त वेळा दाबत. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत दुसऱ्या दाबाच्या वेळी ते किंचित फिरलेलं राहिलं आणि डायवरच सगळं दोनदा कोरलं गेलं. म्हणून त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर साल, 'लिबर्टी' आणि 'इन गॉड वी ट्रस्ट' ठळक दोनदा दिसतं. मागची बाजू एकेरीच. याला 'दुहेरी डाय' म्हणा. दुबार छाप वेगळी: तिच्यात तयार नाणं पुन्हा डायखाली सापडतं, आणि दोष त्या एका नाण्यापुरता राहतो.

प्रतिसाद २
सहमत. यात 'घसरलेली छाप' हा शब्दही हवा. छापताना डाय जराशी सरकली की अक्षराच्या कडेला सपाट पायरी उठते आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक होतं. खऱ्या दुहेरी डायमध्ये दोन्ही अक्षरांना पुरता उठाव असतो आणि टोकांना खाच दिसते. भिंग घेऊन आधी ही खाच शोधा.

१९५५चेच काही सेंट असे आहेत की शेवटचा ५ दुहेरी भासतो, पण तो झिजलेल्या डायचा परिणाम आहे. त्यांना दुहेरी डाय म्हणून विकणं म्हणजे नवख्यांची फसवणूक. लेखात हे ठळक लिहाच.

प्रतिसाद ३
१७९३पासूनच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी 'डायजोडी' हा शब्दही ठेवा. त्या काळी अक्षरं आणि आकडे एकेका पंचाने (टोकाला एक अक्षर किंवा आकडा असलेल्या पोलादी हत्याराने) डायवर हाताने ठोकत, त्यामुळे दोन डाया तंतोतंत सारख्या होणं कठीण. १८१४पर्यंतच्या सेंटना शेल्डन क्रमांक (शेल्डन या अभ्यासकाच्या यादीतला क्रमांक) देतात, तो दर्शनी आणि मागच्या डायच्या जोडीला असतो. क्रमांक १ म्हणजे १७९३चा साखळीचा सेंट, ज्यावर 'अमेरिका'ऐवजी नुसतं 'अमेरि.' आहे. १७९४च्या ४८ क्रमांकाच्या मागच्या बाजूला तर काठालगत ९४ चिमुकले तारे आहेत! शिवराईचे संग्राहकही अक्षरांची वळणं अशीच ताडून बघतात, त्यांना 'डायजोडी' लगेच कळेल.

विचारणा
'साचा' काढून टाकतो. १८५८चा उडत्या गरुडाचा सेंटही डायभेदातच घालू ना? मोठ्या अक्षरांच्या नाण्यात 'अमेरिका'तले ए आणि एम चिकटलेले असतात, लहान अक्षरांच्या नाण्यात सुटे.

प्रतिसाद १
ओळखायची खूण बरोबर, पण तो फरक हबमध्येच आहे, आणि एका हबवरून कितीतरी डाया निघतात. त्याला 'हबभेद' म्हणा. मोठ्या अक्षरांच्या दोन नाण्यांत पुन्हा सालाचे आकडे वेगळ्या जागी ठोकलेले दिसले, तर तो मात्र डायभेद.