चुनखडीच्या भारी जमिनीत कोशू द्राक्ष: खुंट कोणता, मांडव की तार?

ओलांडा_४

छोट्या वायनरीसाठी एक एकरावर कोशू ही जपानी वाइनची द्राक्षजात लावायची आहे. त्या जमिनीत द्राक्ष याआधी कधीच नव्हतं. माती परीक्षणाचे आकडे असे: सामू ७.९, क्रियाशील चुना १२ टक्के, चिकणमाती ३८ टक्के, सेंद्रिय कर्ब १.४ टक्के. ७० सेंमीवर घट्ट थर आहे आणि पावसाचं पाणी त्यावर दोन-दोन दिवस थांबतं. घड पिकायच्या सुमारास पाऊस असतोच. रोपवाटिका ५बीबी या खुंटावरची (कलमाखालच्या मुळाच्या जातीवरची) कलमं द्यायला तयार आहे. उभ्या तारेवर, २.५ × १ मीटर अंतराने लावायचा विचार आहे. खुंट आणि अंतर बरोबर आहे का? आणि कोशूची साखर १५-१६ ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचे ढोबळ टक्के) अडते म्हणतात, मग वाइन पातळ होणार का?

खुंटरोप

५बीबी घेऊ नका. चुना तो सोसतो (साधारण २० टक्क्यांपर्यंत), पण जोम फार देतो आणि कोशूचा जोम आधीच दांडगा. जपानमधल्या यामानाशी प्रांतातल्या जुन्या मांडवांवर एकेका वेलीला पन्नास-शंभर चौरस मीटर जागा देतात ती त्यामुळेच. ३८ टक्के चिकणमातीत १ मीटरवर लावलीत तर तिसऱ्या वर्षी नुसती पानांची भिंत उभी राहील. आत सावली, सावलीत घड, आणि घडाला ना रंग ना साखर. कात्रीने हा जोम आवरत नाही. शेंडा मारला की बगलफुटी दुपटीने येतात. जोम आवरायचा तो खुंटात, मातीत आणि अंतरात.

कमी जोमाचे नेहमीचे खुंट म्हणजे रिपारिया ग्लॉर आणि १०१-१४. त्यांची चुना सोसायची मर्यादा अनुक्रमे ६ आणि ९ टक्के. तुमच्याकडे दोन्हींची पानं शिरांमध्ये पिवळी पडतील. ३३०९ साधारण ११ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे तोही काठावरच. मी ४२०ए घेईन: २० टक्के चुना सोसतो, जोम बेताचा. शिवाय पालाश कमी उचलतो, त्यामुळे रसाचा सामू फार चढत नाही. मात्र कोवळ्या वेलीवर घड जास्त ठेवलेत तर पालाशाची कमतरता दिसेल. सुरुवातीची वाढही सावकाश असते, पहिल्या वर्षी घाबरून नत्र देऊ नका.

४२०एची खरी अडचण थांबलेलं पाणी, म्हणून आधी तो थर फोडायला हवा. सबसॉयलर ९० सेंमी खोल, आडवा-उभा, आणि माती पूर्ण कोरडी असतानाच. ओल्या चिकणमातीत फाळ फिरवला तर चराच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि निचरा पहिल्यापेक्षा वाईट होतो. काम झाल्यावर एक मीटर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. २४ तासांनी पाणी दिसलं तर उताराच्या दिशेने सच्छिद्र पाइप टाकल्याशिवाय लागवड करू नका.

त्यावर ४० ते ५० सेंमी उंच, मीटरभर रुंद बोद ओढा. यामानाशीच्या आकेनो भागात, सुमारे ७०० मीटर उंचीवर, ग्रेस वायनरीने २००५ पासून कोशू अशाच उंच बोदांवर आणि तारेवर घेतली. तिथल्या २०१३ च्या वाइनला २०१४ च्या डिकँटर वाइन स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. तेव्हा तार चालते, पण मुळांना पाणी आणि जागा मोजून मिळाली तरच.

कलमाचा जोड बोदाच्या माथ्यापासून १५ सेंमी वर ठेवा, आणि बोद पहिल्या पावसात खचून स्थिर झाल्यावर पुन्हा मोजा. जोडावर माती चढली की वरची कोशू स्वतःची मुळं सोडते आणि खुंट निवडण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो.

अंतर २.५ × २ मीटर करा. छाटणी लांब काडीची, ८ ते १० डोळ्यांची. कोशूच्या बुडाकडचे डोळे फळाला कमजोर असतात. दोन डोळ्यांवर छाटलीत तर फूट भरपूर, घड तुरळक, आणि फळाचा भार नसलेली वेल आणखीच माजते.

कलमं घेताना मातृवेलींचे विषाणू चाचणीचे अहवाल मागा, काडीचे आणि खुंटाचे दोन्ही. लीफरोल आणि फ्लेक या विषाणूंच्या चाचण्या तर हव्यातच. जपानमध्ये कोशूवर 'आजिनाशिका' नावाचा विषाणूरोग आहे. त्यात घड रंगत नाहीत आणि साखर चढत नाही. नुसतं पान बघून तो ओळखता येत नाही. साखर अडण्याचा दोष प्रत्येक वेळी जमिनीचा नसतो तो असा.

मुक्तरस

खुंटाबद्दल पूर्ण सहमत. आता साखरेचं.

१६ ब्रिक्सला ढोबळ ९ टक्के अल्कोहोल मिळतं. दर टक्क्याला लिटरमागे १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे ११ टक्क्यांसाठी १०० लिटरला ३.४ किलो. जपानमध्ये अशी साखर घालणं रूढ आहे. तुमच्याकडे परवानगी आहे का ते आधी बघून घ्या. पण ब्रिक्ससाठी घड वेलीवर लोंबकळत ठेवणं मला पटत नाही. कोशूत ३-मर्कॅप्टोहेक्झॅनॉल या ग्रेपफ्रूटसारख्या वासाच्या द्रव्याचे पूर्वघटक असतात. जास्त पिकू दिलं तर ते आणि आम्ल दोन्ही उतरतात. मर्सियन या जपानी कंपनीची 'कीइरोका' ही कोशू वाइन २००४ च्या हंगामापासून या वासाच्या अभ्यासावरच उभी आहे. मण्यात पाणी उतरल्यावर आठवड्याला ब्रिक्स आणि आम्ल मोजा. त्यानंतर दर तीन दिवसांनी मणी चावून पाहा, सालीचा कडूपणा कमी होतोय का तेही बघा. तोडणी पहाटे, फळ थंड असताना करा.

सगळी मेख दाबात आहे. साल जाड, गुलाबी, आणि कडू द्रव्यांनी भरलेली. घड अख्खे प्रेसमध्ये घाला, देठ काढू नका. १०० किलोला ५० ते ५५ लिटर रस आला की टाकी बदला. पुढचा रस वेगळा ठेवा, त्याला १०० लिटरला २० ते ५० ग्रॅम पीव्हीपीपी (कडू द्रव्यं शोषून घेणारी पूड) द्या आणि चाखूनच मिसळा. रस पटकन तपकिरी होतो, म्हणून प्रेसखालीच १०० लिटरला ९ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड). १० अंशांवर २४ तास निवळू द्या, मग १५ ते १८ अंशांवर आंबवा. व्हीएल३ यीस्ट हा वास चांगला मोकळा करतं.

वाइन पातळ वाटू नये म्हणून जाड गाळ काढून बारीक गाळावर चार ते सहा महिने ठेवा. कोशू वाइनला भरदारपणा द्यायचा हा मार्ग यामानाशीच्या कात्सुनुमात १९८०च्या दशकापासून रुळला आहे.

डाऊनी_नको

दोन्ही उत्तरांत पावसाचा विषय राहिला. कोशूचा पिकतानाचा मोठा शत्रू म्हणजे कोलेटोट्रिकम बुरशीची घडकूज. लागण फुलोऱ्यापासूनच होते, मणी हिरवे असताना काही दिसत नाही, आणि साखर भरू लागली की घड भराभर सडतात. बीजाणू गेल्या वर्षीच्या वाळलेल्या देठांवर आणि तणाव्यांवर असतात व पावसाच्या थेंबांबरोबर खाली उतरतात. छाटणीत ते सगळे तारेवरून सोडवून बाहेर न्या. जमिनीवर टाकू नका. फळधारणा झाल्याबरोबर घडावर मेणकागदाची टोपी किंवा ओळीवर प्लास्टिकची पट्टी लावा. फळाची तार किमान १ मीटर उंच ठेवा.

आणि डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) बोर्डो हे तांब्याचं मिश्रण मारत असाल तर फळधारणेनंतर बंद करा. मुक्तरस म्हणतात तो वास तांबं बांधून टाकतं.

ओलांडा_४

मग आंबवताना सडक्या अंड्याचा वास आला तर तांब्याची मात्राही द्यायची नाही?

मुक्तरस

नाही. तो वास येऊच नये हे बघायचं. आंबवण्याआधी रसातलं यीस्टला वापरता येणारं नत्र मोजा. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पोषण दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता साखर एक तृतीयांश उतरल्यावर. तुमच्या शेतात नत्र मुद्दाम कमी ठेवणार आहात, त्यामुळे रसातही ते कमीच येईल, हे धरून चाला.