सिम्समध्ये आजोळची भिंत: पोपडे ठेवावे की काढावे?

महालची_नात
नागपूरच्या महाल भागात, चिटणीस पार्कापासून पाच मिनिटांवर, माझं आजोळ आहे. मातीच्या जाड भिंती, वर चुना, खाली गेरूचा पट्टा. व्यवहार झालाय, दिवाळीनंतर घर पडणार. मार्चपासून दर रविवारी जाऊन मी एकेका खोलीच्या भिंतींचे फोटो काढले आणि आता सिम्स ४ या घरं बांधून माणसं वसवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी त्यांचे रीकलर करते आहे, म्हणजे गेममधल्या भिंतीला नवं रंगरूप देते आहे. सिम्स ४ स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये बेस गेमची (मूळ गेमची) साधी भिंत क्लोन केली, म्हणजे तिची प्रत काढली, आणि पोत क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवला. नऊ स्वॉच, म्हणजे निवडायचे रंगप्रकार, झालेत. स्वयंपाकघराचा जास्त निळीचा चुना, माजघराचा धुरकट पिवळा, ओसरीचा पांढरा आणि बाकी त्यांचेच कमीजास्त झिजलेले प्रकार. झिजलेल्या प्रकारांत पोपडे, ओल, खिळ्यांची भोकं जशीच्या तशी ठेवली.

मैत्रिणींना फाइल दिली तर दोघींनीही तेच सांगितलं: डाग काढ आणि चाळीस रंग दे. पिस्ता, पीच, लॅव्हेंडर.

मला हे अजिबात पटत नाही. पिस्ता रंगाची गुळगुळीत भिंत गेममध्ये आधीच आहे. कूलरच्या खिडकीखालची भिंत मात्र कुठेच नाही. नागपुरात मे महिन्यात बाहेर सगळं करपलेलं असतं आणि घरात तेवढा एक चौकोन ओला असतो, चुना फुगून आलेला. तो मी पाहिलाय, त्याला पाठ टेकून झोपलेय. २०२१ मध्ये फॅशन स्ट्रीट किट (गेमला जोडायचा छोटा संच) आलं तेव्हा मुंबईच्या रस्त्यावरचे कपडे गेममध्ये आले, मला फार आनंद झाला होता. पण आपल्या भिंती कोण करणार? माझं स्पष्ट मत: जुन्या घराचा रीकलर करायचा तर त्याचं वय दिसलंच पाहिजे आणि रंग मोजकेच हवेत. तुम्हाला काय वाटतं?

नंदनवन_दुसरा_मजला
माझा ठाम विरोध. मी भाड्याच्या खोलीत राहते. दर पावसाळ्यात पलंगामागची भिंत ओली होते, कपाटातल्या साड्यांना वास येतो. घरमालकाला तीन वर्षं सांगून झालं. रात्री अकराला लॅपटॉप उघडते तेव्हा मला कोरडी भिंत हवी असते. पीच हवा असतो. तुझ्यासाठी ओल ही आठवण आहे, मला ती रोज पुसावी लागते. चाळीस रंग मागणाऱ्या मुलीला नीट बघता येत नाही असं समजू नकोस. तिला आयुष्यात एकदाही स्वतःच्या भिंतीचा रंग ठरवता आला नसेल.

महालची_नात
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमच्याकडून तो रंग काढून घ्यायचा माझा हेतू नाही. पण तुमच्यासाठी हजारो भिंती आहेत. माझ्या आजीच्या घरासाठी एकही नाही.

टाइल_बाय_टाइल
भावनेचं बाजूला ठेवू, कामाचं बोलतो. सिम्समध्ये भिंतीचं चित्र एका चौकोनाच्या रुंदीचं असतं आणि तेच पुढे पुढे लागतं. तू एक पोपडा रंगवलास की दहा चौकोनांच्या भिंतीवर तोच पोपडा दहा वेळा, सारख्या अंतरावर दिसणार. खिळ्याचं भोक तर ठिपक्यांच्या रांगेसारखं दिसेल. म्हणजे ज्या खरेपणासाठी तू भांडते आहेस, तोच खोटा वाटायला लागतो. माझ्या मते साध्या भिंतीला डाग नकोतच. फार तर रंगाचा हलका चढउतार, तोही कडा एकमेकींत मिसळतील असा.

दुसरं, फोटो थेट चिकटवला असशील तर तो खेळातल्या रंगवल्यासारख्या सामानाशेजारी उपरा वाटतो. मॅक्सिस मॅच, म्हणजे गेमच्या मूळ शैलीशी जुळणाऱ्या, घरात ती एकच भिंत फोटोतून कापून आणल्यासारखी दिसेल.

महालची_नात
फोटो चिकटवलेला नाही, समोर ठेवून हाताने रंगवलंय. पुनरावृत्तीचं म्हणाल तर त्यावर तोड आहे. कोरी भिंत वेगळी आणि डागाच्या भिंती वेगळ्या. शिफ्ट दाबून खोली कोऱ्या भिंतीने भरायची, मग खिडकीखाली एकाच चौकोनावर ओलीचा स्वॉच टाकायचा. नऊ स्वॉच त्यासाठीच आहेत.

रंगाऱ्याची_लेक
माझे बाबा गांधीबाग-इतवारीच्या घरांना चुना मारायचे. लहानपणी मी बादली धरायला जायची, म्हणून बोलते.

कळीचा चुना भिजवला की पाणी खदखदतं, जवळ जायचं नाही. दोनेक दिवस मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, हाताला लागू नये म्हणून खळ किंवा डिंक घालायचा, शेवटी चिमूटभर नीळ. ओला असताना चुना जवळजवळ पारदर्शक असतो. मारणाऱ्याला वाटतं काही लागलंच नाही. वाळेल तसा उजळतो. म्हणून एक हात आडवा आणि दुसरा उभा मारतात, सुटलेली जागा भरून निघते. तुझ्या चित्रात कुंचा फक्त आडवा फिरलाय. ते आधी दुरुस्त कर.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. तुझी आजी त्या घरात हिंडती-फिरती होती तेव्हा पोपडे होते का? आमच्या गिऱ्हाइकांकडे दर दिवाळीआधी चुना व्हायचा. पैसे कमी असले तर निदान ओसरी आणि देवघर तरी. पोपडा दिसला की घरची बाई आधी खरवडून घ्यायची. तू ज्याला घराचं वय म्हणतेस, ते घरात कोणी उरलं नाही त्यानंतरचं आहे. त्या बाईने जन्मभर जे झाकलं, तेच तू तिच्या नावाने मांडणार का?

टाइल_बाय_टाइल
याला उत्तर नाही.

बर्डीवरचा_भाऊ
मले असं वाटते का दोघीबी बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटून राहिली. चुन्याचे थर. वरचा पापुद्रा निघाला तं खाली मागच्या सालचा दिसते, त्याच्या खाली त्याच्या मागचा. कधी निळा, कधी पिवळा. आमच्या घरी देवळीच्या कडेला पाच रंग मोजले होते मी. तो पापुद्रा म्हणजे घरच्यायनं दरसाल केलेल्या मेहनतीचा हिशोब आहे. तो काहून लपवायचा?

नंदनवन_दुसरा_मजला
दादा, तुमच्या घरी ते सुंदर दिसत असेल. तरी माझं मत तेच. आणि कृपया याचे पैसे लावू नका. बेस गेम २०२२ च्या ऑक्टोबरपासून फुकट झाला म्हणून आमच्यासारख्या कितीतरी जणी खेळायला लागल्या.

महालची_नात
पैसे नाहीच लावणार. गेमच्या कंपनीचे नियमही असा रीकलर परस्पर विकू देत नाहीत, फार तर काही दिवस आधी देण्याचे पैसे घेता येतात. मला तेही नको.

लेक ताई, तुमचं वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, आजी नवरात्राच्या आधीच चुना आणून ठेवायची आणि शेवटची दोन वर्षं तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता तेव्हा फक्त हाताला येईल तिथवर मारायची. मी फोटो पुन्हा उघडले. माजघरात साडेचार-पाच फुटांवर एक पुसट रेघ आहे. खाली उजळ, वर मळकट. मी तिला ओल समजून रंगवली होती.

तर आता बदल करते. पोपडे काढणार, पण सगळे नाही. देवळीजवळचे थर ठेवणार, भाऊंनी सांगितले तसे. ती रेघ ठेवणार. कूलरखालचा चौकोनही ठेवणार, कारण तो आजी असतानाही होता, दर मे महिन्यात होता, आणि दर दिवाळीला ती तो बुजवायची. चाळीस रंग देणार नाही. नंदनवन ताई, तुमच्यासाठी मात्र याच कुंच्याच्या हाताचा एक कोरा पीच करते. चुन्यात पिवडी आणि थोडा गेरू मिसळला तर येईल तसा.

टाइल_बाय_टाइल
ती रेघ तिन्ही उंचीच्या भिंतींवर कशी बसवणार? बुटक्या भिंतीचं चित्र ओढून उंच केलंस तर आजीचा हातही उंच जाईल. गेरूचा पट्टाही फुगेल.

महालची_नात
ओढणार नाही. पट्टा आणि रेघ जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून रेघेच्या वरचा मळकट भाग तेवढा वाढवते.

टाइल_बाय_टाइल
बरोबर. आणि क्लोन केलेल्या भिंतीचा उठाव, म्हणजे खाचा-उंचवटे दाखवणारा थर, तपास. मूळ भिंत विटांची किंवा फळ्यांची असेल तर दिवा लावल्यावर चुन्यातून सांधे दिसतील. दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा खोलीत जाऊन बघ.

रंगाऱ्याची_लेक
पाच फुटांवर हात थांबत असेल तर तिथे रेघ सरळ येणार नाही. बादली डावीकडे ठेवली असेल तर कुंचा उजवीकडे जाता जाता रिकामा होतो आणि खाली उतरतो. प्रत्येक हाताला एक उतार येतो. आजी डावखुरी होती का, ते आईला विचार. मग उतार कुठल्या बाजूला ते सांगते.

महालची_नात
विचारलं. डावखुरी होती.