मदत हवी आहे: पहिली युनिसायकल, २० इंची की २४ इंची? उद्या दुपारपर्यंत ठरवायचंय

सावली_मुलुंड
युनिसायकल (एकचाकी सायकल) घ्यायचीय, पहिलीच. डोंबिवलीत एकाकडे सेकंडहँड २४ इंची आहे, साडेचार हजार म्हणतोय, घासाघीस केली तर थोडा उतरेल. दुसरी ऑनलाइन, नवी, २० इंची, सात हजारांना पडतेय. डोंबिवलीवाल्याकडे उद्या संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, म्हणून त्याला दुपारपर्यंत कळवायचंय. वाचून वाचून डोकं भंजाळलंय. एक म्हणतो मोठं चाक स्थिर, दुसरा म्हणतो लहान चाक सोपं. जवळच्या सायकलच्या दुकानांत विचारलं तर ‘सर्कसवाली का?’ एवढंच उत्तर मिळतं. कोणती घेऊ? लवकर सांगा प्लीज.

पायडलमार
कोणासाठी घेताय? उंची किती? कुठे चालवणार? एकूण बजेट किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसत्या चाकाच्या साइझवरून सांगता येत नाही.

निशिगंध७
मूल किती वर्षांचं आहे? फार लहान असेल तर २० सुद्धा मोठी होते, १६ इंची बघा. माझ्या भाच्याला त्याच्या बाबांनी ‘वाढतं अंग आहे’ म्हणून मोठी आणून दिली. पाय पोचेनात, शेवटी ती माळ्यावर गेली. वाढत्या अंगाचा हिशोब कपड्यांना ठीक आहे, याला नको. आणि गुडघ्याचे पॅड, मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून घालायला लावा. पडताना हात आधी टेकतो.

सावली_मुलुंड
अहो मुलासाठी नाही, माझ्यासाठी! वय ३६. साधी सायकल शाळेपासून येते. बजेट आठ हजार, त्यातच पॅड वगैरे बसवायचेत. आता सांगा, २० की २४?

घोडबंदरचा_वारा
२४ घ्या. मोठ्या माणसाने २० घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी २४ वरच शिकलो आणि आजही तीच चालवतो. २० वर पाय नुसते गरागरा फिरतात आणि माणूस फारसा पुढे सरकत नाही. त्यात आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणं, खोदून अर्धवट बुजवलेले चर. लहान चाक प्रत्येक फटीत अडकतं. वर साडेचार हजारांत मिळतेय. सकाळीच जाऊन उचला.

पायडलमार
वारा, तुम्ही शिकून झाल्यानंतरचं सांगताय. युनिसायकलला चेन नाही, गिअर नाही, पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. २० इंचीवर एका फेरीत साधारण १.६ मीटर जाता, २४ वर १.९. लांब जायचं तर हा फरक मोठा आहे. पण शिकताना लांब कोण जातं? शिकताना तोल पुढे गेला की चाक झटकन त्याच्या खाली आणायचं, मागे गेला की मागे न्यायचं. हलकं, लहान चाक हे लगेच ऐकतं. चढून बसायलाही २० सोपी. बहुतेक प्रौढांनाही पहिली म्हणून २०च सुचवतात ते याच कारणाने. २४, २६, २९, अगदी ३६ इंचीही मिळतात, पण ती अंतर कापायला.

घोडबंदरचा_वारा
सुचवणारे गुळगुळीत डांबरावर शिकलेले असतात. मी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांबद्दल बोलतोय.

पायडलमार
रस्त्यावर शिकायचंच नाहीये मुळी.

सुहासकाका_गिरगाव
सर्कसचा विषय निघाला म्हणून लिहितो. हिंदुस्थानातली पहिली देशी सर्कस आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी उभी केली आणि १८८० साली ती मुंबईतच सुरू झाली, हे आजच्या मुलांना माहीत नसतं. सांगलीकडचा माणूस, घोड्यांचा मोठा जाणकार. पुढे केरळातलं तलश्शेरी हे सर्कशीच्या कसरतपटूंचं माहेर झालं. लहानपणी आम्ही तंबूत पुढच्या बाकांवर बसायचो. उंच एकचाकीवर बसलेली मुलगी पायाने कपबशा उडवून डोक्यावर झेलायची, तेव्हा आख्खा तंबू श्वास रोखून बघायचा. तुम्ही शिकताय याचा मला फार आनंद झाला. अशा एखाद्या जुन्या कलाकाराला गाठा, आठवड्यात तयार करतील.

व्होल्टमीटर
आजच्या काळात पायडलची कशाला घेताय? इलेक्ट्रिक युनिसायकल बघा. आत जायरोस्कोप आणि मोटर असते, पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते. बॅटरी ६७ व्होल्टच्या वरचीच घ्या, आणि सेल कोणत्या कंपनीचे आहेत ते आधी विचारा.

सावली_मुलुंड
इलेक्ट्रिक नकोय, आठ हजारांत येतही नाही. मला पायडलचीच शिकायचीय. काका, आवडलं वाचून. पण उद्या दुपारी त्या माणसाला काय सांगू?

बेअरिंग_छर्रा
आमचं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. युनिसायकल रोज येत नाही, पण दुरुस्तीला आल्यात, त्यावरून सांगतो. सेकंडहँड बघायला गेलात तर रंगाकडे बघू नका. एवढं करा:

दोन्ही क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना लागतात ते दांडे, दोन हातांत घट्ट धरा आणि एक पुढे, एक मागे असं ढकला. किंचितही खटखट झाली तर क्रँकचं चौकोनी भोक झिजलंय. नट आवळून ते बसत नाही, दोन दिवसांत परत ढिलं होतं. क्रँक जुन्या पद्धतीची, कॉटर पिनवाली (आडवी खीळ ठोकून बसवलेली) असेल तर अजिबात घेऊ नका. युनिसायकलवर पुढे-मागे दोन्हीकडून जोर येतो, पिन टिकत नाही.

चाक उचलून फिरवा. दोन बाजूंना बेअरिंगच्या कॅप असतात, त्या जास्त आवळल्या असतील तर चाक लवकर थांबतं. चाकाचा आउट असेल, म्हणजे फिरताना ते डावी-उजवीकडे डुलत असेल, तर घाबरू नका, तो कोणताही मेकॅनिक काढून देईल. सीटला पुढेमागे प्लास्टिकचे बंपर हवेत, कारण दर वेळी सीटच जमिनीवर आपटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डावं-उजवं. डाव्या पायडलला उलटे आटे असतात. कुणी सीट उलटी बसवून चालवली असेल तर पायडल आपोआप सुटत जातं आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतं. पायडलवर आणि क्रँकवर आर, एल कोरलेलं असतं. आर उजव्या पायाखाली आलं पाहिजे.

फोर्क_आणि_आरे
साडेचार हजार आणि सात हजार? बनवून घ्या की. जुन्या सायकलचा पुढचा चिमटा, २० इंची रिम, वेल्डिंगवाला ओळखीचा असला की दीड-दोन हजारांत काम. लुधियानाचे पार्ट सगळीकडे मिळतात. माझ्या मित्राने बनवली होती.

बेअरिंग_छर्रा
तुमच्या मित्राच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) काय लावलं होतं ते विचारा त्याला. साध्या सायकलच्या पुढच्या चाकात आस जागेवर असतो आणि हब त्याच्याभोवती फिरतो. मागच्यात फ्रीव्हील असतं, पाय थांबवला तरी चाक फिरतंच. युनिसायकलचा आस हबमध्ये पक्का असतो, चाकासोबत फिरतो, आणि बेअरिंग चिमट्याच्या टोकांना असतात. लहान मुलांच्या तीनचाकीला अशी थेट क्रँक असते, पण त्यावर मोठ्या माणसाचं वजन टाकलं की आस वाकतो. जोडकाम तुटलं तर पायडल पोटरीत घुसतं. नवशिक्याने हे करू नये, अगदी मनापासून सांगतो.

फोर्क_आणि_आरे
मित्राची तुटली नव्हती. पण त्याने ती फारशी चालवलीही नाही, हे खरं.

पायडलमार
सावली, तुम्ही अजून उंची लिहिलेली नाही. दुसऱ्यांदा विचारतोय.

सावली_मुलुंड
५ फूट. उंचीने काय फरक पडतो? सीट खालीवर होतेच ना?

पायडलमार
इथेच तर सगळं अडलंय! सीट खाली होते, पण ठरावीक जागेपर्यंतच. चाकाच्या वर चिमट्याचा माथा, त्यावर पाइप बसायची मान, त्यावर सीट. याच्या खाली ती जातच नाही. चाक मोठं की हे सगळंच वर.

आता दोन मापं घ्या. एक तुमचं: ज्या बुटांत चालवणार ते घालून भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, एक पुठ्ठ्याची वही दोन पायांच्या मध्ये सीटसारखी वर दाबून धरा, तिची वरची कड ते जमीन हे अंतर मोजा. दुसरं सायकलचं: डोंबिवलीवाल्याला सांगा, सीट पूर्ण खाली करून एक पायडल सगळ्यात खाली आण आणि पायडलच्या वरच्या बाजूपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत टेप लाव. फोटो मागवा. त्याचं माप तुमच्यापेक्षा मोठं आलं तर विषय संपला, कितीही स्वस्त मिळाली तरी.

घोडबंदरचा_वारा
५ फूट असेल तर मापं घ्याच. माझी उंची ५ फूट १० इंच, म्हणून मला कधी विचारच करावा लागला नाही. तरी माप बसलं तर माझं मत २४च.

निशिगंध७
ताई, शिकणार कुठे पण? आमच्या सोसायटीत सेक्रेटरी मुलांना स्केटिंगसुद्धा करू देत नाहीत.

सावली_मुलुंड
बिल्डिंगची गच्ची आहे, मोठी, रिकामीच असते. संध्याकाळी कोणी नसतं.

बेअरिंग_छर्रा
गच्ची नको! कठडा फार तर कमरेएवढा असतो. युनिसायकलवर बसलात की तुमची कंबर कठड्याच्या वर जाते. कठड्याला धरून शिकायचा मोह होईल आणि तोच धोक्याचा आहे. स्टिल्ट पार्किंग बघा. दुपारी गाड्या बाहेर असतात, फरशी सपाट असते, खांब धरायला मिळतात, पावसाळ्यातही कोरडं. दोन खांबांच्या मधलं अंतर हात सोडून जाता येऊ लागलं की समजा जमलं. वॉचमनला आधी सांगून ठेवा.

दादर_पश्चिम
शिवाजी पार्कच्या कट्ट्याला धरून शिकता येईल का? मलाही उत्सुकता आहे.

पायडलमार
कट्टा बसण्याइतकाच उंच आहे, युनिसायकलवरून हाताला लागत नाही. शिवाय सकाळ-संध्याकाळ चालणारे इतके असतात की त्यांना धडकाल. छातीएवढं रेलिंग किंवा जाळीचं कुंपण हवं. बास्केटबॉल कोर्टाची जाळी उत्तम.

व्होल्टमीटर
इलेक्ट्रिक असती तर एका संध्याकाळी आली असती. पायडलवाली शिकायला किती वेळ लागतो?

पायडलमार
साधारण दहा-पंधरा तास, रोज थोडा थोडा सराव धरून. कुणाला कमी, कुणाला बराच जास्त. वजन पायांवर न ठेवता सीटवर टाकणं, हे शरीराला पटायलाच वेळ जातो. सायकलवाल्यांना तर अजून, कारण हात हँडल शोधत राहतात. नजर चाकाकडे नको, पुढे ठेवा. काका म्हणाले तसं आठवड्यात व्हायला सर्कशीतला माणूस दिवसभर सराव करतो, नोकरी सांभाळून ते जमत नाही.

सुहासकाका_गिरगाव
हे मान्य. पण शिकवणारा समोर असला की चूक लगेच कळते, एवढंच माझं म्हणणं.

सावली_मुलुंड
मापं आली. माझं बूट घालून ६८ सेंटीमीटर. त्याने टेप लावून फोटो पाठवला, सीट पूर्ण खाली, ७३. वर तो म्हणतो, ‘थोडे पाय ताणून चालेल मॅडम.’ चालेल का?

पायडलमार
नाही. पाच सेंटीमीटरने पाय पोचणार नाही. शिकताना तर टाच पायडलवर ठेवून पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, म्हणजे पंजा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहतो. पाय ताणून चालवलं तर प्रत्येक फेरीला कंबर हलते आणि तोल कधीच लागत नाही.

घोडबंदरचा_वारा
७३ असेल तर सोडून द्या. मीही हेच सांगेन.

सावली_मुलुंड
त्याला ‘नको’ म्हणून कळवलं. पण २० इंचीचंही असंच निघालं तर? आणि पायडल मेटलची घेऊ की प्लास्टिकची? पर्याय दाखवतंय.

बेअरिंग_छर्रा
पायडल प्लास्टिकची. मेटलच्या दात्यांनी नडग्या सोलून निघतात. ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याला विचारा, सीट पूर्ण खाली केल्यावर पायडल ते सीट किती. २० इंचीचं ६८ च्या आतच यायला हवं, पण पाइप लांब दिला असेल तर तो खाली चिमट्याच्या माथ्याला किंवा टायरला अडतो. असं झालं तर पाइप कापून घ्या. कोणत्याही सायकलवाल्याकडे हॅक्सॉ असतो, पाच मिनिटांचं काम. कापलेली कड कानशीने घासून घ्या, नाहीतर पाइप मानेत नीट बसत नाही. कापताना एक बघा, तुमच्या उंचीवर सीट लावल्यावर पाइप निदान चार बोटं तरी मानेच्या आत राहिला पाहिजे. पाइपवर किमान आत जाण्याची खूण असते, पण ती खालच्या टोकापासून मोजलेली, म्हणजे कापल्यावर तिला अर्थ राहत नाही. पाइप आवळणारा क्लँप बोल्टवाला मागा. हाताने खटका दाबायचा असतो तो शिकताना सरकतो आणि सीट गोल फिरते.

सावली_मुलुंड
विक्रेत्याचं उत्तर आलं: ६१, क्लँप बोल्टचा. ऑर्डर टाकली. उरलेल्या हजारात मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड घेतेय, हेल्मेट सायकलचं आहेच.

बेअरिंग_छर्रा
खोक्यातून निघाली की क्रँकचे नट सॉकेट पान्याने चांगले आवळा आणि पहिल्या दोन-तीन सरावांनंतर पुन्हा आवळा. नवी क्रँक बसताना थोडी ढिली होतेच, आणि ढिली चालवली की चौकोन झिजतो. टायरमध्ये हवा भरपूर ठेवा, मऊ टायरवर वळता येत नाही.

दादर_पश्चिम
ती डोंबिवलीची २४ गेली का? माझी उंची ५ फूट ९ इंच आहे.

पायडलमार
उंची नको, वही धरून माप घ्या आणि ते सांगा.